ललिता मॅडमचा हात

पेठ रोडच्या त्या चाळीत कुणाच्याच तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी नळावर कुणी शिंकलं तर संध्याकाळपर्यंत त्याला न्यूमोनिया झालेला असतो. अशा चाळीत राहून गोटीराम भोये या माणसाने एक गोष्ट चौदा वर्षं पोटात ठेवली. बायकोला सांगितली नाही, सख्ख्या भावाला सांगितली नाही, आणि ज्या पोरीला सांगायला जीव तुटत होता तिलाही सांगितली नाही. बरं, ते त्याचं स्वतःचं काही लफडं असतं तर समजण्यासारखं होतं. ती दुसऱ्याची अब्रू होती, आणि जिची अब्रू ती बाई खुशाल सुखाने झोपत होती.

गोटीराम मूळचा पेठ तालुक्यातला, कोकणा आदिवासी. भाताच्या खाचरात खेकडे पकडत वाढलेला. चौऱ्याऐंशी साली गावच्या टोळीबरोबर द्राक्षाच्या छाटणीला नाशकात आला. टोळी परत गेली, हा राहिला. गंगेपलीकडच्या, म्हणजे गोदावरीपलीकडच्या, एका कॉलेजात आधी रंगाऱ्याच्या हाताखाली, मग शिपाई, आणि सत्त्याऐंशीला प्रयोगशाळा परिचर. कॉलेज म्हणजे आपलं अकरावी-बारावी, आणि त्याच आवारात पाचवीपासूनची शाळा. परिचराने काचेची भांडी धुवायची, बर्नर पेटवून द्यायचे, आणि पावसाळ्यात बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला बेडूक आणून द्यायचे.

दुसरी कॉलेजं बेडूक बाहेरून मागवायची. पेटी उघडली की निम्मे मेलेले, उरलेले त्याच वाटेवर. गोटीराम सायकलला गोणपाट बांधून पहाटे मखमलाबादच्या पाटाकडे जायचा आणि कॉलेज भरायच्या आत पंचवीस-तीस बेडूक घेऊन यायचा. गोणपाट ओलं, आत ओलं गवत, त्यामुळे वाटेत एकही दगावायचा नाही. प्रयोगशाळेमागच्या हौदात सोडून वर जाळी टाकायचा. पोरं त्याला बेडूकमामा म्हणायची आणि तो हसायचा.

कापायला त्याला बायोलॉजीच्या जुन्या सरांनी शिकवलं. सरांना मोतीबिंदू झाला होता, रिटायर व्हायला दोन वर्षं होती आणि ऑपरेशनची भीती वाटत होती. मग ते म्हणायचे, तू काप, मी सांगतो. कात्री आडवी धर. पोटाच्या मधोमध एक शीर जाते, तिच्या शेजारून जा, तिला टोक लागलं की सगळं रक्ताने भरलं आणि प्रॅक्टिकल बोंबललं. टाचण्या मिठाच्या पाण्यात गंजायच्या म्हणून गोटीराम बेडकाचे पाय बाभळीच्या काट्यांनी मेणाच्या ट्रेवर ताणून धरायचा. दोन वर्षांत त्याचा हात असा बसला की सरांनी सांगायचंही सोडून दिलं. हा माणूस नववी नापास. पण व्हेंट्रिकल कुठलं आणि ऑरिकल कुठलं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा.

नव्वद साली जुने सर रिटायर झाले आणि ललिता मॅडम आल्या. एम.एस्सी., फर्स्ट क्लास, कडक स्टार्चची साडी, बोलणं अगदी पुस्तकासारखं स्वच्छ. फळ्यावर बेडकाची आकृती अशी काढायच्या की पोरं वहीत उतरवायची विसरायची. पण जुलैच्या पहिल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सराव करायला म्हणून त्यांनी कात्री उचलली आणि त्यांचा हात थरथरायला लागला. बेडूक क्लोरोफॉर्मने कधीच गार झाला होता. कातडीला चिमटा लावला, सोडला, पुन्हा लावला, आणि मॅडम स्टुलावर बसल्या. मग खरं काय ते बाहेर आलं. त्या शिकत होत्या तेव्हा दोघींत मिळून एक बेडूक मिळायचा. कापायची मैत्रीण, आणि या आकृती काढायच्या. एम.एस्सी.पर्यंत असंच गेलं होतं.

"गोटीराम, माझी अजून नोकरी पक्की नाही," त्या म्हणाल्या. "हे बाहेर कळलं तर उद्याच घरी बसावं लागेल मला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. गोटीरामने कात्री घेतली आणि बारा मिनिटांत बेडूक उघडून दिला. मग कपाटातली बरणी काढली. स्टार्चच्या टेस्टसाठी तिच्यात तांदूळ असायचे. चार दाणे मुठीत धरून तो म्हणाला, "कणसरीची आण हाय मॅडम. माझ्या तोंडून कुणाला कळायचं नाय."

आता कणसरी म्हणजे धान्यमाता. डोंगरातल्या माणसाने दाणा हातात घेऊन तिची आण घेतली की ती हवेत सोडता येत नाही. ज्याला शब्द दिला त्यानेच म्हणायचं, जा बाबा, मोकळा केला. आपण होऊन मोडली तर घरातल्या धान्याला बरकत राहत नाही, असं मानतात. आणि शब्द घेणाराही बांधला जातो, कारण दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवून त्याने विसरून जायचं नसतं. हे मॅडमना कुणी सांगितलं नाही. गोटीरामला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना माहीत असणारच. चूक झाली ती इथे.

दुसऱ्या दिवसापासून चार ट्रेची पद्धत सुरू झाली. गोटीराम सकाळी लवकर येऊन चार बेडूक कापायचा. पहिला नुसता कातडी उघडलेला, दुसऱ्यात पोट, तिसऱ्यात काळीज आणि रक्तवाहिन्या, चौथ्यात कवटी खरवडून काढलेला मेंदू. चारही ट्रेवर ओली फडकी. तास सुरू झाला की मॅडम एकेक फडकं उचलायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा वेळ जाऊ नये म्हणून मी सकाळीच येऊन हे करून ठेवलंय." हे ऐकायला गोटीराम दाराशीच उभा असायचा, ट्रे इकडून तिकडे द्यायला.

बघता बघता गावात नाव झालं. दुसऱ्या कॉलेजची पोरं बघायला यायची. विज्ञान प्रदर्शनात तिसऱ्या ट्रेभोवती गर्दी व्हायची आणि ट्रेपुढे मॅडमच्या नावाचं कार्ड असायचं. ललिता मॅडमचा हात काय हात आहे, असं प्राचार्यसुद्धा पाहुण्यांना सांगायचे. सत्त्याण्णव साली एका क्लबाने त्यांना आदर्श शिक्षिका म्हणून शाल दिली. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. पण गोटीरामला राग येत नव्हता. मॅडम दिवाळीला त्याच्या बायकोला, मालनला, साडी द्यायच्या. मीनाला, त्याच्या मुलीला, जुनी पुस्तकं द्यायच्या. बोलायला गोड, वागायला गोड. अशा माणसावर रागवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

एकच गोष्ट त्याला सलायची, आणि ती म्हणजे मीना. ती त्याच आवारात शाळेत होती. सहावीत असताना प्रदर्शनातून घरी आली की जेवता जेवता सांगायची, बाबा, मॅडमचा हात कसला आहे, एक शीरसुद्धा तुटत नाही. गोटीराम खाली मान घालून भाकरी मोडायचा. निम्मी भाकरी ताटातच राहायची. आपल्या पोरीने आपलंच कौतुक आपल्यासमोर दुसऱ्याच्या नावाने करावं, आणि आपण "हो ना" म्हणावं. मालन विचारायची, बरं नाही का? तो म्हणायचा, तिखट लागलं.

पुढे मीनाने तो विषय काढणं बंद केलं. आठवीत गेल्यावर एक दिवस म्हणाली, "बाबा, शाळेत मला हाक मारत जाऊ नका. मुली मला बेडूकवाल्याची म्हणतात." त्याने हाक मारणं सोडलं. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर व्हरांड्यातून गेली की हा बादली घेऊन बाजूला व्हायचा. वयात आलेली पोर आहे, लाज वाटायचीच, असं त्याने मनाला समजावलं. पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली. त्याला बढती नको होती, शाल नको होती. एकदा, फक्त एकदा, मॅडमनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं की हात गोटीरामचा आहे, आणि ते मीनाच्या कानांवर पडावं. मग ती बेडूकवाल्याची नाही, तर त्या हाताच्या माणसाची मुलगी होईल. एवढंच त्याला हवं होतं. पण शब्द दिलेला, आणि तो परत मागायचा कसा, हे त्याला कळत नव्हतं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात सुनील आला. सुनील मॅडमचा जुना विद्यार्थी, पुढे इंजिनिअर झाला आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. बेडूक मारण्यावरून तेव्हा बाहेर बोंब सुरू झाली होती. वर्तमानपत्रात पत्रं यायची, पालक विचारायचे. सुनीलच्या कंपनीने त्यावर तोड काढली होती, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. डोक्यावर हेल्मेट चढवायचं, त्यात डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे, आणि हातात एक दांडी. पोराला वाटतं, बेडूक आपल्यासमोर आहे. दांडी फिरवली की कापला जातो, बटण दाबलं की पुन्हा आख्खा. एक बेडूक जन्मभर पुरतो. पण तो बेडूक बनवायला आधी खरे बेडूक कापून पायरीपायरीने, चहूबाजूंनी फोटो काढायला हवे होते. आणि ते कापणार कोण, तर ज्यांचा हात गावभर गाजलेला त्या ललिता मॅडम.

पहिल्या रविवारी सुनील दिवे आणि कॅमेरे लावून तयार झाला. मॅडम म्हणाल्या, "गोटीराम, तुम्ही सुरुवात करा, मी सांगते," आणि चहाचा कप घेऊन खिडकीत बसल्या. सांगितलं काहीच नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच. सुनील काही दुधखुळा नव्हता. त्याने गोटीरामच्या हाताकडे पाहिलं, मॅडमच्या कपाकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. बारा रविवार हे चाललं. एकतीस बेडूक गेले. शेवटच्या दिवशी सुनील हळूच म्हणाला, "काका, आम्ही सगळे गाढवच होतो म्हणायचं. असा हात मी मेडिकल कॉलेजातसुद्धा बघितला नाही."

"माझा हात येईल का त्यात?" गोटीरामने विचारलं.

"येणारच. फोटोत तुमचाच आहे."

त्या आठवड्यात गोटीरामने धीर केला. मॅडम एकट्या असताना दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला आता त्या शब्दातून मोकळं करा. मीनाला सांगायचं हाय. ती अकरावीला येईल आता, तुमच्याच वर्गात."

मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर करून हसून पाहिलं. "अहो, तुम्ही कशाला सांगता? मीच सांगणार आहे. उद्घाटन होईल ना, तेव्हा सगळ्यांसमोर. तुम्हाला स्टेजवर बोलावते मी."

गोटीराम त्या दिवशी सायकलवर बसलाच नाही, हातात धरून घरी गेला. मालनला एवढंच म्हणाला की मॅडम स्टेजवर बोलावणार हायत. कशासाठी, ते सांगितलं नाही. शब्द अजून सुटला नव्हता.

पुढच्या जुलैत उद्घाटन ठरलं. मीना दहावीला एक्याऐंशी टक्के मिळवून अकरावी सायन्सला आली होती. मालनने शर्टाला इस्त्री करून दिली. मीनाने विचारलं, आज एवढं काय? तो म्हणाला, "बघशील." सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं, आणि चाळीतल्या चार जणांनी ते पाहिलं.

सकाळी हॉलमध्ये सुनील वायरी जोडत होता. हेल्मेटं दोनच होती आणि वर्गात पोरं साठ. प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं मिळणार होती. सुनीलने गोटीरामला बोलावून एक त्याच्या डोक्यावर चढवलं. वजन बरंच होतं, मान पुढे गेली. आधी अंधार, मग उजेड झाला आणि हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ एक ट्रे आला. त्यावर बेडूक. गोटीरामने आपला बेडूक लगेच ओळखला, तो चौथ्या रविवारचा मोठा नर होता. मान वळवली तर बेडकाची कूस दिसली, वाकला तर काळजाच्या मागची बाजू दिसली. त्याच्या तोंडून "आयला" निघालं. जुने सर असते तर त्यांना मोतीबिंदूसकट दिसलं असतं हे.

मग कात्री आली. कात्री धरणारा हात पांढऱ्या मोज्यातला होता. लांब बोटांचा, गुळगुळीत, साहेबाचा हात. काटेही नव्हते, चकचकीत टाचण्या होत्या.

त्याने हेल्मेट काढलं. "सुनीलभाऊ, हात?"

सुनील वायरीकडे बघत बोलला. "कंपनीने बदलला, काका. नखं, भेगा वगैरे स्क्रीनवर नीट दिसत नव्हत्या. पण कट सगळे तुमचेच आहेत, एकही बदललेला नाही."

गोटीरामने हेल्मेट त्याच्या हातात परत दिलं. मग म्हणाला, असू दे. मॅडम सांगणार हायत ना. मशीनमध्ये काय आहे त्यापेक्षा मॅडम काय बोलतात ते मोठं, असा त्याचा हिशेब होता, आणि माणसावर विश्वास ठेवणाऱ्याचा हिशेब असाच असतो.

अकरा वाजता हॉल भरला. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, दोन वार्ताहर. मीना तिसऱ्या रांगेत, मैत्रिणींमध्ये. गोटीराम दाराशी. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि काय बोलल्या म्हणता. विज्ञान, करुणा, नवं शतक, सगळं आलं. "चौदा वर्षं मी हे काम जड मनाने केलं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी कात्री उचलताना माझा हात थरथरायचा." हे मात्र शंभर टक्के खरं होतं. गोटीराम पुढे सरकला. आता येणार, असं त्याला वाटलं.

"आणि आमचे हे गोटीराम," मॅडमनी दाराकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. "या ना, वर या."

तो वर गेला. इस्त्रीचा शर्ट, पायांत चप्पल नाही, ती पायरीशी काढलेली. मॅडमनी प्रेमाने त्याच्या खांद्याला हात लावला. "हे दर पावसाळ्यात पोती भरभरून बेडूक आणायचे. मी कितीदा म्हणायची, अहो, जीव आहे तो. पण यांचं आपलं चालूच." हॉलमध्ये हशा पिकला. "आजपासून त्यांची यातून सुटका. यांच्या हातून आता एकाही मुक्या जीवाची हत्या होणार नाही. ते आज ही हत्यारं अध्यक्षांकडे कायमची जमा करतील. जोरदार टाळ्या."

कुणीतरी त्याच्या हातात डिसेक्शनची पेटी दिली. त्यात तीच कात्री होती, दर शनिवारी तो धार लावायचा ती. टाळ्यांचा कडकडाट झाला. गोटीरामने समोर पाहिलं. मीना टाळ्या वाजवत होती. मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं, दोघी हसल्या, आणि मीना वाजवतच राहिली.

त्याने पेटी दिली. अध्यक्षांनी फोटोसाठी ती त्याच्या हातात परत दिली आणि पुन्हा घेतली.

अरे, केसाने गळा कापणं म्हणतात ते आणखी काय असतं? गरज सरली, वैद्य मेला, इथवर ठीक. जग तसंच चालतं. पण वैद्याच्या नावाने खुनाचा डंका पिटायचा, तोही त्याच्या लेकीसमोर, तोही खांद्यावर हात ठेवून. ज्या हाताला स्वतःचा बेडूक कधी कापता आला नाही, त्या हाताने हा एवढा मोठा कापला.

दुपारी गोटीराम प्रयोगशाळेत मेणाचे ट्रे धूत होता. प्राचार्यांनी सगळं सामान स्टोअरमध्ये टाकायला सांगितलं होतं. मॅडम आत आल्या, टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला.

"मॅडम, तुम्ही सांगणार होतात," तो म्हणाला. पाठ फिरवूनच म्हणाला.

"काय?" मग त्यांच्या लक्षात आलं. "अहो, ते ओघात राहूनच गेलं बघा. आणि आता त्याला काय अर्थ आहे? बेडूकच राहिले नाहीत. झालं गेलं सोडून द्या."

गोटीराम वळला. हातातून पाणी गळत होतं. "मग मला मोकळं करा. कणसरीची आण घेतली होती मी. तुम्ही म्हणा, मोकळा केला. बस. दुसरं काय नको."

"कसली आण?" मॅडमनी विचारलं. त्यांनी खरोखरच विचारलं, त्यात नाटक नव्हतं. "कणसरी म्हणजे काय, गोटीराम?"

तो पुन्हा ट्रेकडे वळला. मॅडमना वार्ताहर बोलवत होते. जाता जाता त्या म्हणाल्या, "पेढे घ्या हं, घरी पण न्या," आणि गेल्या.

चौदा वर्षं. हा माणूस जेवताना गप्प, सणाला गप्प, भावाच्या लग्नात दारू प्यायला तेव्हासुद्धा गप्प. आणि तिकडे त्या मुठीतले दाणे नव्वद सालच्या त्याच संध्याकाळी विसरले गेले होते. विसरलेल्या माणसाला मोकळं करता येत नाही. गोटीरामला आता रडायलाही येत नव्हतं, नुसते हात ट्रे घासत होते.

तेवढ्यात मीना आली. घराची किल्ली न्यायला आली होती. मालन त्या दिवसांत एका हॉस्पिटलात झाडलोट करायची, संध्याकाळीच परतायची. मीना दारातच थांबली, आत कुणी नाही हे पाहून पुढे आली.

"हेल्मेट घातलंस?" त्याने विचारलं.

"हो. तीन मिनिटं. मस्त आहे एकदम. थोडं गरगरतं."

गोटीरामने हात पुसले. कपाटाकडे पाहिलं, जिथे ती तांदळाची बरणी असायची. मनात म्हणाला, बरकत जायची तर जाऊ दे. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दिलेला शब्द मोडला.

"मीना, ऐक. ते बेडूक मॅडम कापत नव्हत्या. मी कापायचो. पहिल्या दिवसापासून. तू प्रदर्शनात बघायचीस ते, आता मशीनमध्ये बघितलंस ते, सगळं मी कापलेलं हाय."

गेली तीन वर्षं हा क्षण त्याने मनात इतक्या वेळा पाहिला होता की पुढे मीना काय करील तेही ठरलेलं होतं. डोळे मोठे करील, खरंच म्हणेल, हात हातात घेऊन बघेल.

मीना दप्तराचा पट्टा ओढत होती. "माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"सातवीत होते. तुम्ही डबा विसरला होता, आईने मला लवकर पाठवलं. खिडकीतून बघितलं मी. मॅडम खुर्चीत बसून वह्या तपासत होत्या आणि तुम्ही कापत होता. चारही."

गोटीरामने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "मग बोलली का नाय कधी?"

"कुणाला बोलू?" मीना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पाढा म्हणावा तसं ती सांगत होती. "तुझे बाबा बेडूक पकडतात, यावरूनच मुली जेवताना माझ्या शेजारी बसायच्या नाहीत. त्यात कापतातही, हे सांगू? मॅडम कापतात म्हटलं की सगळे म्हणतात, हात बघा. तुम्ही कापता म्हटलं असतं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"म्हणून आज टाळ्या वाजवल्यास?"

"सगळे वाजवत होते, बाबा."

बाहेर कुणीतरी तिला हाक मारली. तिने "आले" म्हणून ओरडून सांगितलं आणि हात पुढे केला. गोटीरामने खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. ती दारापर्यंत गेली, थांबली आणि परत दोन पावलं आत आली.

"बाबा, तुम्ही आता हे कुणाला सांगणार नाही ना?" तिने खालच्या आवाजात विचारलं. "मला अजून दोन वर्षं इथेच काढायचीत. शपथ घ्या."

गोटीरामने तिच्याकडे पाहिलं. पोरगी खरंच घाबरली होती.

"नाय सांगत," तो म्हणाला. "जा तू."